अर्ध्या ओळीचे कपट

माळ्यावरच्या पेटीतला व्हिडिओ गेम पंचवीस-तीस वर्षांनी खाली काढून भिंतभर पसरलेल्या नव्या टीव्हीला जोडावा आणि पडद्यावर जे उमटेल ते पाहून ‘लहानपणी आपण हेच का खेळत होतो?’ अशी शंका मनाला चाटून जावी, हा अनुभव ज्याने घेतला आहे तो सहसा यंत्राच्या वार्धक्यास दोष देतो. मीही बरेच दिवस तोच देत होतो. वस्तुतः ते म्हातारे यंत्र आपली जबानी पूर्वीप्रमाणेच देत असते. ती टिपून घेणारा नवा कारकून मात्र तिचा भलताच अर्थ लावतो.

नव्वदीच्या दशकात आपल्याकडे घरोघरी शिरलेली यंत्रे बहुधा ज्याच्या नकला होत्या, ते निंटेंडोचे ‘फॅमिकॉम’ मासायुकी उएमुरा यांच्या देखरेखीखाली सिद्ध होऊन १५ जुलै १९८३ रोजी जपानात विक्रीस आले. तेथील एनटीएससी पद्धतीत संपूर्ण चित्र ५२५ ओळींचे. पण त्या ओळी सलग न रेखाटता एकाआड एक, दोन फेऱ्यांत, प्रत्येकी दोनशे साडेबासष्ट अशा रेखाटल्या जात, आणि त्या अर्ध्या ओळीमुळेच दुसरी फेरी पहिलीच्या फटींत नेमकी बसे. फॅमिकॉमने ती अर्धी ओळच गाळली. मोजून २६२ ओळींची प्रत्येक फेरी मग पहिलीच्याच जागी पडू लागली आणि सुमारे २४० दृश्य ओळींचे, मधल्या फटी काळ्या ठेवणारे स्थिर चित्र सेकंदाला साठ वेळा उभे राहिले. आपल्या पाल पद्धतीत आकडे निराळे, कपट तेच. काचेच्या नळीतील किरणास स्वतःची अक्कल नसल्याने, संकेत नेईल तिकडे तो निमूटपणे गेला.

नव्या टीव्हीस अक्कल आहे, आणि तीच नडते. बालबोध तेवढी जाणणाऱ्याने मोडीचा कागद हाती घ्यावा तसा, कित्येक संच हा संकेत नेहमीच्या दोन फेऱ्यांचाच आहे असे गृहीत धरतात आणि लागोपाठची दोन स्वतंत्र चित्रे एकात शिवून टाकतात. फॅमिकॉमला एका ओळीवर आठांहून अधिक हलत्या आकृती दाखवता येत नसत. म्हणून कार्यक्रमकर्ते त्या आळीपाळीने लपवीत. शिवणकामात अशा आकृतींना करवतीचे दात फुटतात, नाहीतर त्या साफ नाहीशा होतात. पुढे चित्र मोठे करू जावे, तर नव्या पडद्याच्या १०८० ओळी भागिले २४० म्हणजे साडेचार. येथेही पुन्हा अर्धेच आडवे येते आणि काही ओळी जाड, काही बारीक होतात. ७२० ओळींत तिप्पट, २१६० ओळींत नऊपट मात्र सुखाने बसते.

बाजारातून आणलेल्या स्वस्त डबीने माझ्या पिवळ्या पिनेतून एचडीएमआय काढले खरे, पण चारास तीनचे चित्र सोळास नऊ असे ताणून बिचाऱ्या मारिओस मठ्ठ सावकार करून सोडले. फिनलंडच्या मार्कुस हियेन्कारी यांचे ‘ओपन सोर्स स्कॅन कन्व्हर्टर’ हे उपकरण अधिक प्रामाणिक: ते अख्खे चित्र साठवीत न बसता आलेली ओळ तेथल्या तेथे द्विगुणित, त्रिगुणित करते, त्यामुळे विलंब काही ओळींपुरताच राहतो. मात्र त्यास लाल, हिरवा, निळा असे वेगळे रंग हवेत. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये ते तयारच मिळतात. फॅमिकॉमची चित्र घडवणारी चिप सारे रंग आतच कालवून एकाच तारेवर सोडते, तेव्हा तेथे यंत्राचे पोट उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

आणि रंग वेगळे मिळाले म्हणजे सर्व साधले असेही नव्हे. १९९१च्या ‘सॉनिक द हेजहॉग’मधील धबधबा म्हणजे नुसत्या उभ्या रेघा, पिवळ्या पिनेच्या धूसरपणात त्या एकजीव होऊन पाणी पारदर्शक भासे. स्वच्छ संकेताने पाणी जाते, गज उरतात.

बदकांच्या शिकारीचा खेळ तर कोणत्याच डबीस दाद देत नाही. बंदुकीचा चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होतो, पाठोपाठ बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो, आणि तो प्रकाश बंदुकीच्या डोळ्यास त्याच क्षणी दिसला तरच नेम लागला असे ठरते. सपाट पडदा काही सहस्रांश सेकंद उशिरा उजळतो, तोवर निकाल लागून गेलेला असतो. त्या बदकांखातर, घरच्यांचा रोष पत्करून, चौदा इंची जुना संच मी अद्याप कपाटाच्या माथ्यावर ठेवला आहे.