डोळे आले, त्यात काय? कोरोना आणि डोळ्यांचा दाह समजून घेऊ

धाराशिव जिल्ह्यातील वाड्या-वस्त्यांवर काम करताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येते, "डोळे आलेत, जातील चार दिवसांत." बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण कोरोनानंतर या साध्या वाटणाऱ्या आजाराकडे थोडे डोळसपणे पाहणे गरजेचे आहे.

कोरोनाचा विषाणू प्रामुख्याने नाका-तोंडावाटे शिरतो. पण डोळ्यांवाटेही शिरू शकतो. डोळ्यांतील अश्रू एका बारीक नळीने नाकात उतरतात, त्यामुळे हे दोन्ही मार्ग जोडलेले आहेत. काही रुग्णांच्या अश्रूंतही हा विषाणू आढळला. वुहानमध्ये सहकाऱ्यांना सर्वांत आधी सावध करणाऱ्यांपैकी एक डॉ. ली वेनलियांग हे नेत्रतज्ज्ञच होते. त्यांचा फेब्रुवारी 2020 मध्ये कोरोनानेच मृत्यू झाला. एप्रिल 2023 मध्ये एक्सबीबी.1.16 हा उपप्रकार पसरला, तेव्हा भारतातील डॉक्टरांना लहान मुलांत ताप-खोकल्यासोबत लाल, खाजणारे डोळे दिसले.

मात्र प्रत्येक लाल डोळा म्हणजे कोरोना नव्हे. जुलै 2023 मध्ये आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली, ती मुख्यतः इतर विषाणूंमुळे. म्हणून डोळ्यांसोबत ताप, खोकला, घसादुखी असेल तर डॉक्टरांना दाखवून त्यांच्या सल्ल्याने तपासणी करावी.

नुसते पाहिल्याने डोळे येत नाहीत. संसर्ग पसरतो तो हात, टॉवेल, रुमाल, उशी यांतून. आता एका खोलीत सहा माणसे आणि दोरीवर एकच टॉवेल असेल, किंवा ऊसतोडीच्या फडावर कोपीत पाणीच मोजून वापरावे लागत असेल, तर "स्वच्छता पाळा" एवढे सांगून भागत नाही. आजाराचे मूळ विषाणूत असले, तरी तो किती पसरणार हे घर, पाणी आणि मजुरी ठरवते. रोज बुडेल म्हणून दवाखाना टाळला जातो आणि मेडिकलमधून मिळेल ते थेंब डोळ्यात जातात. खरा धोका इथेच आहे. स्टेरॉईडचे थेंब सल्ल्याशिवाय टाकल्यास डोळ्यातला दाब वाढू शकतो, बुबुळाची जखम चिघळू शकते आणि नजर कायमची जाऊ शकते. झाडाचा चीक, मध, आईचे दूध हेही डोळ्यात घालू नये.

तीव्र वेदना, अंधुक दिसणे, उजेड सहन न होणे किंवा बुबुळावर पांढरा डाग दिसल्यास त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. कोरोना होऊन गेलेल्या मधुमेहींनी विशेष जपावे. 2021 मध्ये म्युकरमायकोसिसने अनेकांचे डोळे गेले. डोळ्याभोवती सूज, चेहऱ्याची एक बाजू दुखणे, नाकातून काळपट स्राव ही त्याची लक्षणे आहेत.

मित्रहो, तरुण कार्यकर्त्यांनी एवढे तरी करावे. विहारातील बैठकीत ही माहिती दहा मिनिटांत सांगावी, घरोघरी वेगळ्या रुमालाचा आग्रह धरावा आणि एकट्या वृद्धांना दवाखान्यापर्यंत सोबत करावी. वेळेवर मिळालेल्या सोबतीने एखाद्याची नजर वाचू शकते.