मायसीनीचे दप्तर

ग्रीसच्या दक्षिणेस पेलोपनीस नावाचे जे द्वीपकल्प आहे, त्याच्या ईशान्य भागात, आर्गॉसच्या मैदानाकडे तोंड करून, दोन उघड्या डोंगरांच्या बेचक्यात एक टेकडी उभी आहे. ट्रॉयवर स्वारी करणाऱ्या राजांचा अधिपती म्हणून होमरने ज्याला अजरामर केले, त्या अ‍ॅगमेम्नॉनची राजधानी मायसीनी ती हीच. ही नगरी पर्सियसने वसविली, तिचे तट एकाक्ष सायक्लोपांनी रचले आणि युद्ध जिंकून परतलेल्या राजाचा राणी क्लायटेम्नेस्ट्रा व तिचा जार ईजिस्थस यांनी घात केला, अशी पुराणकथा आहे.

तट पाहिले म्हणजे ते राक्षसांच्या पदरी घालणाऱ्यांना हसवत नाही. इ.स.पू. १२५० च्या सुमारास बांधलेल्या सिंहद्वारावरची एकसंध पाषाणतुळईच सुमारे वीस टनांची आहे. भिंतीचा भार तिच्यावर येऊ नये म्हणून वर त्रिकोणी पोकळी सोडली असून ती ज्या शिलेने झाकली आहे, तिच्यावर मधल्या स्तंभाच्या दोन्ही अंगांना पुढचे पाय टेकून उभे राहिलेले दोन सिंह कोरलेले आहेत. त्यांची मस्तके वेगळी घडवून बसविलेली होती. ती केव्हाच नाहीशी झाली.

या द्वारातून आत शिरताच उजव्या हातास १८७६ साली हाइन्रिख श्लीमान याने कुदळ चालविली. हा व्यापारात गडगंज झालेला जर्मन गृहस्थ होमरचे काव्य इतिहास म्हणून वाचीत असे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने राजाची कबर तटाच्या आत व घातक्यांची तटाबाहेर असल्याचे लिहून ठेवले होते. हा तट विद्वान शहराचा समजत, श्लीमानने तो बालेकिल्ल्याचा मानला, आणि खरोखरच सोन्याने भरलेल्या पाच कबरी त्याच्या हाती लागल्या. मृतांच्या तोंडांवर सोन्याचे मुखवटे होते, आणि दोन अर्भके सुवर्णपत्र्यात गुंडाळलेली होती. आपल्याला अ‍ॅगमेम्नॉनच सापडला, अशी श्लीमानची खात्री झाली. परंतु त्या कबरी इ.स.पू. सोळाव्या शतकातल्या, म्हणजे ग्रीकांनी पुढे ट्रॉयच्या पाडावाचा जो काळ ठरविला त्याच्या तीनशेहून अधिक वर्षे आधीच्या ठरल्या.

त्याच्या कामावर देखरेख करणारा पानायोतिस स्तामाताकिस हा ग्रीक अधिकारी मात्र, वरच्या थरांतील ग्रीक व रोमन अवशेष हा मनुष्य घाईने उखडून टाकतो, अशी तक्रार वरचेवर करीत राहिला. सहावी कबर पुढल्या वर्षी त्यानेच उघडली. कीर्ती श्लीमानच्या वाट्यास आली. माझा कौल स्तामाताकिसला आहे.

कारण या नगरीचे खरे अंतरंग सोन्यात नव्हे, तिच्या दप्तरात सापडले. १९५० पासून ॲलन वेस या इंग्रज संशोधकाने तटाबाहेरील काही घरे खणली, तेव्हा तेथे मातीच्या लहान पाट्या मिळाल्या. त्यांवरील लिनियर बी लिपी १९५२ साली मायकेल व्हेंट्रिस या तरुण वास्तुशिल्पज्ञाने उलगडली आणि तिची भाषा ग्रीकच निघाली. कारकुनांनी ओल्या मातीवर टोचून लिहिलेल्या या पाट्या भट्टीत भाजलेल्या नव्हत्या, नुसत्या वाळविलेल्या होत्या. ज्या आगीने ती घरे भस्मसात केली, तिनेच त्यांना भाजून पक्के केले, नाहीतर पहिल्याच पावसात सारा जमाखर्च विरघळून जाता.

या हिशेबात वीरांचा मागमूस नाही. अ‍ॅगमेम्नॉनचे नाव कुठेही आलेले नाही. आहे ती लोकर, तेल आणि मसाल्यांची मोजदाद: धणे, जिरे, बडीशेप, तीळ, पुदिना, करडई. कोणत्या इसमाच्या नावे कोणता जिन्नस किती मापे, ही नोंद एखाद्या मामलेदार कचेरीतल्यासारखी ओळीवार केलेली असून, तीळ व जिऱ्याची तिथली नावे पुढे ग्रीक भाषेत जवळजवळ तशीच टिकली आहेत.

इ.स.पू. १२०० च्या सुमारास राजवाडा जळाला आणि हे दप्तर बंद पडले. पण गाव राहिले. इराण्यांशी थर्मापिलीला लढावयास त्याने ऐंशी माणसे धाडली आणि काही वर्षांतच, इ.स.पू. ४६८ मध्ये, शेजारच्या आर्गॉसने ते जिंकून उजाड केले.