बोलतं बटण आणि कोर्टाची पायरी

मैत्रिणींनो, ‘सॉफ्टवेअर पेटंट’ हे शब्द दिसले म्हणून लगेच पान उलटू नका हं! हा विषय फक्त पुण्या-बंगळुरूच्या इंजिनिअर मंडळींचा असता, तर मी तो या सदरात आणलाच नसता. विशेष मुलांच्या आयांच्या गटात माझं नेहमी जाणं-येणं असतं. ‘माझं लेकरू कधी बोलेल हो?’ हा प्रश्न तिथे दर भेटीत कानावर पडतो. याच प्रश्नाशी पेटंटचं भांडण येऊन भिडलं, त्याची ही अमेरिकेतली गोष्ट.

तिथल्या दोन वाचा-उपचारतज्ज्ञ स्त्रियांनी ‘स्पीक फॉर युवरसेल्फ’ नावाचं अ‍ॅप तयार केलं. बोलता न येणाऱ्या मुलाने आयपॅडवरच्या चित्रावर बोट ठेवलं की तो शब्द मोठ्याने ऐकू येतो. किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. याच कामाची खास यंत्रं मात्र कित्येक हजार डॉलरची! ती बनवणारी प्रेंटकी रोमिक कंपनी १९६६ पासूनची. २०१२ मध्ये या कंपनीने, पेटंटधारक सिमँटिक कॉम्पॅक्शन सिस्टिम्सबरोबर, या दोघींच्या छोट्याशा कंपनीवर पेटंटभंगाचा दावा लावला.

आता पेटंट म्हणजे काय, ते आपल्या स्वयंपाकघरातूनच बघू. तुम्ही पुरणपोळीवर पुस्तक लिहिलंत, तर तुमच्या लिखाणावर तुमचा कॉपीराइट. दुसरी बाई स्वतःच्या शब्दांत तीच कृती लिहू शकते. पण तुम्ही पुरण वाटायची नवी युक्ती शोधून तिचं पेटंट घेतलंत, तर साधारण वीस वर्षं ती युक्ती तुमच्या परवानगीशिवाय कुणालाच वापरता येत नाही. तिला ती आपली आपण सुचली असली तरीसुद्धा! छोट्या विकसकाची खरी अडचण इथेच आहे. प्रोग्रामची प्रत्येक ओळ स्वतः लिहिली, कुणाचं काही चोरलं नाही, तरी नोटीस येऊ शकते.

जुन्या कंपनीचंही अगदीच चूक म्हणवत नाही. वर्षानुवर्षं संशोधनावर पैसा घालायचा आणि दुसऱ्याने ते स्वस्तात विकायचं, हे कुणाला रुचेल? या दोघींनी आरोप नाकारले. कोण बरोबर, ते कोर्टाने ठरवायचं होतं. पण कोर्ट ठरवण्याआधीच, जून २०१२ मध्ये, अ‍ॅपलने ते अ‍ॅप आपल्या दुकानातून काढून टाकलं. निकाल लागला नव्हता, मनाईहुकूम नव्हता. समोरच्यांनी तक्रार केली, एवढंच.

त्या वेळी एक चार वर्षांची मुलगी या अ‍ॅपवर नुकती बोलायला लागली होती. तिच्या आयपॅडवरचं अ‍ॅप चालू होतं. पण उद्या आयपॅडची प्रणाली बदलली आणि ते बंद पडलं तर दुरुस्त कोण करणार? ही भीती तिच्या आईने जाहीरपणे मांडली आणि जगभर चर्चा झाली. पुढे दोन्ही बाजूंचा समझोता झाला, अ‍ॅप परत दुकानात आलं. सुटलो बाई, असंच त्या माउलीला वाटलं असेल!

हे एकच उदाहरण नव्हे. २०११ मध्ये लॉडसिस नावाच्या कंपनीने छोट्या आयफोन-विकसकांना पत्रं धाडली. अ‍ॅपमध्ये खरेदीचं बटण देता, ती कल्पना आमची, म्हणून अमेरिकेतल्या उत्पन्नाचा ०.५७५ टक्के वाटा द्या! अमेरिकेबाहेरच्या विकसकांनाही पत्रं गेली. ‘यांच्यासाठीचा परवाना आमच्याकडे आहे,’ असं अ‍ॅपलने सांगूनही खटले झालेच. २०१३ मध्ये प्रकरण मिटलं, पण परवान्याच्या मूळ प्रश्नावर निकाल लागलाच नाही. कारण विकसकांनी तोवर तडजोड केली होती. तिथे असा खटला शेवटपर्यंत लढायचा तर लाखो डॉलर लागतात. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. छोट्या माणसाला ती परवडतच नाही.

आपल्याकडे काय? आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(के) नुसार नुसत्या संगणक-प्रोग्रामला पेटंट मिळत नाही. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने ही अट सैल केली होती, पण २००५ च्या कायद्यात ती सवलत राहिली नाही. तांत्रिक शोधाचा भाग म्हणून आलेल्या सॉफ्टवेअरला मात्र पेटंट मिळू शकतं. शिवाय आपल्या गावात बसून बनवलेलं अ‍ॅप अमेरिकेत विकलं, की तिथला कायदा लागतो.

आज तालुक्याच्या गावातली मुलं-मुलीही घरी बसून अ‍ॅप बनवतात. तुमच्या घरात असं कुणी असेल, तर जेवायला वाढताना एवढं जरूर विचारा. वापरलेले फॉन्ट, चित्रं, तयार प्रोग्राम यांचा परवाना वाचलास का? ‘वैयक्तिक वापरासाठी मोफत’ म्हणजे धंद्यासाठी मोफत नव्हे. गिऱ्हाइकाशी लेखी करार केलास का? आपल्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायला लेखी करारच लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि नोटीस आलीच तर घाबरून सही करू नकोस, आधी जाणकार वकिलाला दाखव.

शोध लावणाऱ्याला मोबदला मिळायलाच हवा, यात वाद नाही. पण भांडण दोन कंपन्यांचं आणि टांगणीला लागतो मुक्या लेकराचा शब्द, तेव्हा कोर्टाचा निकाल लागेपर्यंत तरी ते साधन त्याच्या हातात राहिलंच पाहिजे. तुम्हाला काय वाटतं?