आमवाताच्या रोग्याला काय न्यावे?

आजाऱ्याला भेटायला जाताना आपण सवयीने मोसंबी घेतो. पण आमवात हा काही आठवड्याभराचा ताप नव्हे. तो वर्षानुवर्षे मुक्काम करतो. बोटांचे सांधे सुजतात, सकाळी तर तास-तासभर मूठ वळत नाही. अशा हातांनी मोसंबे सोलायचे म्हणजे शिक्षाच की! त्यापेक्षा जाड मुठीची सुरी न्यावी; बारीक मूठ धरताना बोटे अधिक आवळावी लागतात. जड पितळी तांब्याऐवजी दोन्ही हातांनी धरता येईल असा हलका पेला बरा. आमच्या आत्याबाईंना कुणीसे लोणच्याची सुरेख बरणी दिली, आट्यांच्या झाकणाची. ती उघडायला त्या शेजारणीची वाट पाहत! आणि हो, भेटीला सकाळी जाऊ नका, दुपार कलल्यावर जा. मोसंबी न्यायचीच असतील, तर तिथे बसून, बोलता बोलता सोलून द्या.