चूल गेली, धुराडं राहिलं

कोल्हापूरच्या शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतली जुनी कौलारू घरं असोत की राधानगरी-गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्या, स्वयंपाकघराच्या छपरात धुराडं अजून दिसतं. खालची चूल मात्र गेली. शहरात गॅस कधीचा आला, आणि २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनं तो खेड्यातल्या अनेक घरांतही नेला. धुराड्याचं काम संपलं तरी तोंड उघडंच राहिलं. मिरग बरसला की ओट्यावर ठिबक सुरू होते. मग घाईघाईनं जे केलं जातं, त्यानं घराचं जास्त नुकसान होतं.

सगळ्यात पक्की समजूत म्हणजे पाणी फक्त वरच्या तोंडातून येतं. तिथून ते येतंच, पण बरीच गळती धुराड्याची भिंत आणि कौलं जिथे भेटतात तिथली असते. उतारावरून येणारं पाणी धुराड्याच्या वरच्या अंगाला अडतं आणि सांध्यातून आत शिरतं. तिथे सिमेंट थापण्याची सवय आहे. पण कौल, वीट आणि सिमेंट उन्हानं सारखं फुगत नाही. एका उन्हाळ्यात बारीक भेग पडते आणि पहिल्याच वळवात डाग परत येतो. तिथे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची पट्टी हवी. तिची एक कड भिंतीत खाच मारून बसवायची. दुसरी कड उताराच्या वरच्या बाजूला कौलांखाली सरकवायची आणि खालच्या बाजूला कौलांवर चढवायची. हा क्रम उलटा झाला तर पट्टीच पाणी आत घेते.

तोंडावर प्लास्टिकचा कागद बांधणं ही तात्पुरती सोय आहे. उन्हानं तो तडकतो आणि वाऱ्यानं फाटतो. त्यापेक्षा पत्र्याची टोपी करावी, चारही बाजूंनी भिंतीच्या बाहेर आलेली. टोपी आणि भिंत यांच्यामध्ये फट ठेवून तिला जाळी लावावी, म्हणजे पारवे-साळुंक्या घरटं करत नाहीत. आधीच घरटं असेल तर पिल्लं उडून जाईपर्यंत थांबावं. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, गगनबावड्यात पाच हजारांच्या पुढे, आणि तिथला वारा पाऊस आडवा मारतो. म्हणून तिकडे पश्चिमेच्या बाजूला टोपीची झालर लांब सोडावी लागते.

फट कशाला, सरळ विटा लावून बुजवू या, असं अनेकांना वाटतं. हीच मोठी चूक. लाकूड, शेणी, चिपाडं यांच्या धुराची काजळी वर्षानुवर्षं आतल्या भिंतीत मुरलेली असते. तिच्यातले क्षार हवेतला ओलावा ओढून घेतात. दोन्ही तोंडं बंद केली की तो ओलावा आतच कोंडतो आणि भिंतीवर तपकिरी-पिवळे डाग उमटतात. लोक त्याला गळती समजून वॉटरप्रूफ रंग देतात, आणि रंगाचेच पोपडे निघतात. वरून टोपी, खाली छोटी जाळीची खिडकी, मधली हवा खेळती, एवढं पुरतं. माती किंवा चुन्यातलं बांधकाम असेल तर डागडुजीही चुन्यानंच करावी. घट्ट सिमेंट ओल अडवून धरतं.

हिवाळ्यातला गार वारा धुराड्यातून खाली उतरतो, हेही अर्धंच खरं. सोसाट्याच्या वाऱ्यात तसं होतं. पण जानेवारीच्या शांत रात्री उलट घडतं. घरातली ऊबदार हवा धुराड्यातून वर निघून जाते आणि तिच्या जागी दाराखालच्या फटीतून गार हवा आत येते. त्यामुळे नुसती दाराची फट बुजवून भागत नाही. खालच्या खिडकीला सरकती फळी बसवली की गारठ्यात ती जवळजवळ लावून घेता येते.

गॅस गळालाच तर धुराड्यातून निघून जाईल, ही समजूत जिवावर बेतू शकते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड असतो. तो वर चढत नाही, जमिनीलगत साचतो. त्याला वाट हवी ती खाली, दार उघडण्याची. धुराड्यावर तो भार टाकूच नये.

ज्या घरात धुराड्याखाली अजून पाण्याचा बंब किंवा सणासुदीची चूल पेटते, तिथे ते निकामी झालेलंच नाही. ते बंद करून खाली जाळ केला तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचतो. त्याला वास नाही, रंग नाही.

आणखी एक गोष्ट गवंड्याला कामाआधी सांगायची. १९८३ पासून सरकारनं राबवलेल्या सुधारित चुलींच्या कार्यक्रमात निर्धूर चुलींना अनेक ठिकाणी ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप बसवले होते. पत्र्यातून वर डोकावणारा राखाडी पाइप तसलाच असू शकतो. तो कोरडा कापू नये, फोडू नये, घासू नये. त्याची धूळ फुप्फुसात बसते आणि दुखणं कित्येक वर्षांनी समोर येतं. पाइप शाबूत असेल तर तसाच ठेवून वर टोपी घालावी. काढायचाच असेल तर आधी पाण्यानं भिजवावा, अखंड उतरवावा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि पोरांना तोवर अंगणातून लांब ठेवावं.