मनोरा आणि पेढी

नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर जी प्रचंड घंटा टांगलेली आहे, तिच्यापुढे उभे राहिल्यावर इतरांना पेशवाईचे वैभव आठवत असेल. वसईकराला प्रथम आठवते ते आपले गाव. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा कोट सर केला, त्यानंतर येथील चर्चांच्या मनोऱ्यांवरून उतरलेल्या घंटा मराठे सरदारांनी ठिकठिकाणच्या देवस्थानांना अर्पण केल्या, आणि नाशिक, भीमाशंकर अशा दूरदूरच्या क्षेत्री आमच्या वसईचे धातू आजही घुमत आहेत. घंटा गेल्या तरी घंटेची सवय गेली नाही. आमच्याकडे पापडी, सांडोर, गिरीज, निर्मळ, नंदाखाल या गावांच्या शिवा महसुली दप्तरात कशाही नोंदलेल्या असोत, माणसाच्या मनातली शीव आपल्या चर्चची किंवा आपल्या देवळाची घंटा जेथवर ऐकू येते तेथवरच असते.

या भावनेला इटालियन भाषेत एक स्वतंत्र शब्द आहे. घंटेच्या मनोऱ्याला ते लोक ‘कांपानिले’ म्हणतात, आणि आपल्या मनोऱ्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला पलीकडच्या मनोऱ्याखालच्या माणसाशी जी चुरस वाटते तिला ‘कांपानिलिस्मो’. इटलीच्या अव्वल श्रेणीतील फुटबॉल क्लबांचा सव्वाशे वर्षांचा इतिहास या एका शब्दाच्या आधाराने वाचता येतो. त्याच्याशेजारी मुंबई आणि गोमंतक येथील क्लबांचा इतिहास ठेवून पाहिला, की एकच भेद पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतो: तेथे क्लब मनोऱ्याचा होता, आपल्याकडे तो पेढीचा झाला.

प्रारंभ मात्र आपलाच आधीचा आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकांना फारशी ठाऊक नसते. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा १८९१ साली सुरू झाली आणि तो पहिला चषक वूस्टरशर रेजिमेंटच्या गोऱ्या सोल्जरांनी नेला. इटलीतील आजही चालू असलेल्या क्लबांत सर्वांत जुना गणला जाणारा जेनोआ क्लब स्थापन झाला तो १८९३ च्या सप्टेंबरात, म्हणजे रोव्हर्सनंतर दोन वर्षांनी. आणि इटलीचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद १८९८ साली. दोन्हीकडे खेळ आणला तो इंग्रजांनीच, आणि दोन्हीकडे आणला तो बंदरात. फरक पुढे पडला. जेनोआचा क्लब आरंभी तेथील इंग्रज रहिवाशांपुरताच होता. परंतु जेम्स स्पेन्सली नावाचा एक इंग्रज डॉक्टर तेथे आला आणि त्याच्या पुढाकाराने १८९७ साली, स्थापनेपासून चारच वर्षांत, क्लबाची दारे इटालियनांना उघडली. इकडे रोव्हर्स चषकावर पहिल्या भारतीय संघाचे, बंगलोर मुस्लिम्सचे, नाव कोरले जाण्यास १९३७ साल उजाडावे लागले. शेहेचाळीस वर्षांचे हे अंतर पारतंत्र्याचे मोजमाप म्हणूनच वाचले पाहिजे.

इटलीतील ते पहिले अजिंक्यपद म्हणजे ८ मे १८९८ रोजी तूरीन शहरी एका दिवसात उरकलेला सोहळा. संघ चार, त्यांपैकी तीन तूरीनचेच. चौथा जेनोआ, आणि जिंकला तोच. त्याच्या आदल्या वर्षी तूरीनमधील एका शाळेच्या विद्यार्थ्यांनी युव्हेंटस या लॅटिन नावाचा, म्हणजे ‘तारुण्य’ या अर्थाचा, क्लब काढला होता. त्यांचे पहिले सदरे गुलाबी होते, आणि आज जगभर ओळखले जाणारे काळे-पांढरे पट्टे आले ते १९०३ साली इंग्लंडातील नॉटिंगहॅमहून. मिलान क्लब १८९९ मधला, हर्बर्ट किल्पिन या नॉटिंगहॅमच्याच लेस-व्यवसायातील माणसाने उभा केलेला. १९०८ साली परदेशी खेळाडू घ्यावेत की नाहीत या वादावरून त्यातून काही सभासद बाहेर पडले आणि त्यांनी ‘इंटरनॅशनल’ याच अर्थाचे नाव घेऊन इंटर हा क्लब स्थापन केला. पुढे फॅसिस्ट राजवटीत शहरोशहरीचे लहान क्लब एकत्र करण्याचे पर्व आले. फ्लॉरेन्सचा फिओरेंतिना १९२६ मध्ये आणि रोमचा रोमा १९२७ मध्ये असाच घडला. आणि १९२९ पासून सर्व देशाची मिळून एकच अव्वल साखळी, ‘सेरी आ’, सुरू झाली. यांतील बहुतेक क्लबांमागे धनिक उभे होतेच. युव्हेंटस १९२३ पासून फियाट मोटारींच्या आन्येल्ली घराण्याच्या हाती आहे. परंतु त्या घराण्याने क्लबाला फियाट हे नाव दिले नाही, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

क्लब शहराचा असणे म्हणजे काय, हे तूरीनच्या दुसऱ्या क्लबाने, तोरीनोने, जितक्या दारुण रीतीने दाखवले तितके कोणी दाखवले नाही. १९४० च्या दशकात या संघाने सलग पाच अजिंक्यपदे मिळवली. युद्धामुळे मधली स्पर्धा खंडित झाली होती, एवढेच. ४ मे १९४९ रोजी हा संघ लिस्बनहून, म्हणजे जेथून दोनशे वर्षे आमच्या वसईचा कारभार चालला त्याच नगरीहून, एक मैत्रीचा सामना खेळून परतत होता. धुके दाट होते. आणि तूरीनच्या वेशीवरील सुपेर्गा टेकडीवर जे भव्य चर्च आहे, त्याच्या पिछाडीच्या भिंतीवर विमान आदळले. विमानातील एकतीसही जण गेले, त्यांत अठरा खेळाडू. हंगामाचे चार सामने उरले होते. तोरीनोने ते आपल्या कुमार खेळाडूंना घेऊन खेळले, आणि प्रतिस्पर्ध्यांनीही आपले प्रौढ खेळाडू बाजूला ठेवून कुमारच उतरवले. अजिंक्यपद तोरीनोलाच मिळाले. त्यानंतर हा क्लब खालावत गेला, दहा वर्षांनी दुसऱ्या श्रेणीत उतरला, पुन्हा वर आला, आणि १९७६ साली पुन्हा अजिंक्य ठरला. ज्या संघाचे सर्वस्व एका सायंकाळी गेले, तो सत्तावीस वर्षांनी परत उभा राहतो, कारण त्याची वाट पाहणारे लोक त्या शहरातच राहत होते.

आता मुंबईकडे वळू. ज्या कूपरेज मैदानावर रोव्हर्सचे सामने पुढे वर्षानुवर्षे रंगले, त्याचे नावच मुळी पिंपे घडवणाऱ्या कारागिरांवरून पडलेले आहे. आणि या मैदानाने जे क्लब पाहिले तेही बहुतांशी कारखान्यांचे, कचेऱ्यांचे आणि गिरण्यांचे होते. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, रेल्वे, बँका, पुढे एअर इंडिया, आरसीएफ आणि महिंद्र. या व्यवस्थेला कमी लेखणे अन्यायाचे होईल. गोव्यातून, वसईतून, वांद्र्याहून आलेल्या होतकरू पोराला या संस्था नोकरी देत, दुपारनंतर सरावाला रजा देत, आणि पाय थकल्यावरही त्याचा पगार चालू राही; खेळाडूचा संसार चालवण्याची इतकी खात्रीची सोय त्या काळात दुसरीकडे कोठे होती? नेव्हिल डिसोझा हा आसगावचा गोमंतकीय तरुण याच व्यवस्थेत टाटा आणि कॅलटेक्स यांच्याकडून खेळत मोठा झाला. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये त्याने यजमान ऑस्ट्रेलियावर तीन गोल चढवले, ऑलिंपिकमध्ये अशी हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई ठरला, आणि भारत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचला. १९५८ साली कॅलटेक्सने रोव्हर्सही जिंकला. आज त्या क्लबाचे नाव मुंबईत कोणाच्या ओठी आहे?

मुंबईत ‘क्लब’ या शब्दाला आणखी एक अर्थ होता. धोबीतलावच्या आसपास गोमंतकीय खलाशांच्या आणि चाकरमान्यांच्या ज्या ‘कुडी’ होत्या, एकेका गावाने आपल्या माणसांसाठी भाड्याने घेतलेल्या सामायिक खोल्या, त्यांनाही क्लबच म्हणत. प्रत्येकीवर गावाचे नाव, प्रत्येकीत गावच्या संताची वेदी. म्हणजे गावाच्या नावाने एकत्र राहण्याची विद्या आपल्या माणसांना अवगत होती. मैदानावर मात्र तीच माणसे पेढीच्या नावाचा सदरा घालून उतरत.

गोव्यात फुटबॉल आणला तो पोर्तुगीजांनी नव्हे, तर विल्यम रॉबर्ट लायन्स या इंग्रज पाद्र्याने, १८८३ साली शिवोली गावी. शाळा आणि चर्चची मैदाने यांतून तो गावोगाव पसरला. विसाव्या शतकाच्या मध्यास गोव्याच्या डोंगरांतील लोहखनिज मांडवी-जुवारीच्या पात्रांतून बार्जेसवर लादून मुरगावला आणि तेथून जपानच्या पोलाद भट्ट्यांकडे जाऊ लागले, तेव्हा खाणमालकांच्या पेढ्यांनी या गावच्या खेळाला आश्रय दिला. वास्को येथे साळगावकरांचा क्लब १९५६ साली, पोर्तुगीज अंमलातच, निघाला. त्यामागोमाग धेंपे घराण्याचा धेंपो क्लब आला. आणि येथे प्रत्यक्ष इटलीही येऊन मिळते, कारण सेसा हा जो तिसरा प्रसिद्ध क्लब, त्याची मूळ कंपनी १९५४ साली इटालियन पोलाद उद्योगाच्या भांडवलावर उभी राहिलेली, आणि ‘सेसा’ हे नावही त्या इटालियन कंपनीच्या आद्याक्षरांचेच. १९८८ साली वार्का गावी चर्चिल ब्रदर्स निघाला. १९९६-९७ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय साखळीच्या पहिल्या सतरा हंगामांत नऊ अजिंक्यपदे या चिमुकल्या गोव्याने नेली: धेंपोने पाच, साळगावकरने दोन, चर्चिलने दोन, आणि २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे हे पद गोव्याबाहेर गेलेच नाही. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलरक्षक आणि ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखा आघाडीचा खेळाडू साळगावकरकडे घडला, तर धेंपोच्या पाचही अजिंक्यपदांमागे आर्मांदो कुलासो या एकाच प्रशिक्षकाची दीर्घ कारकीर्द होती. लोकसंख्येशी ताडून पाहिले, तर हिंदुस्थानात कोणत्याही मुलखाने कोणत्याही सांघिक खेळात यापेक्षा मोठे काही केले असेल असे मला वाटत नाही.

त्याच सतरा हंगामांत पश्चिम किनाऱ्याने आणखी एक, दहावे, अजिंक्यपद मिळवले; महाराष्ट्राच्या वाट्याच्या त्या पदाकडे आता यावे लागते. १९६२ साली निघालेल्या महिंद्रच्या संघाने, पुढे ज्याचे नाव महिंद्र युनायटेड झाले, डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली २००५-०६ साली राष्ट्रीय साखळी जिंकली. चारच वर्षांनी, २०१० साली, शालेय फुटबॉलकडे लक्ष देण्यासाठी हा संघ बरखास्त करीत असल्याचे कंपनीने जाहीर केले. निर्णय कंपनीच्या अधिकारातलाच होता आणि त्यात लपवाछपवी नव्हती. दुःख एवढेच, की तो थांबवण्याचा किंवा क्लब आपल्या अंगावर घेण्याचा कोणताही हक्क, कोणतीही रीत, त्याच्यावर अठ्ठेचाळीस वर्षे जीव लावणाऱ्या मुंबईकरांजवळ नव्हती. २०१३ मध्ये एअर इंडिया आणि ओएनजीसी हे दोन संस्थात्मक संघ परवान्याच्या अटींत न बसल्याने साखळीतून वगळले गेले.

याच काळातील इटलीचे एक उदाहरण यापुढे ठेवावेसे वाटते. पार्मा या मध्यम शहराचा क्लब १९९० च्या दशकात पार्मालात या दूध कंपनीच्या पैशावर युरोपभर गाजला. २००३ अखेर ती कंपनी कोसळली. क्लब तगला. २०१५ साली तो स्वतः दिवाळखोर झाला आणि चौथ्या श्रेणीतून आरंभ करण्याची वेळ आली. तेव्हा गावच्या माणसांनी नवे मंडळ नोंदवले, नावापुढे १९१३ हे मूळ स्थापनेचे साल लिहिले, आणि तीन वर्षांत तीन पायऱ्या चढून पार्मा २०१८ साली पुन्हा अव्वल श्रेणीत दाखल झाला. पेढी बुडाली, क्लबही बुडाला, तरी मनोरा जागेवर होता.

मग क्लबाला शहराचे नाव दिले की काम भागते काय? तसेही नाही, आणि याचा दाखला पुण्याने दिला. २०१४ च्या शरदात इंडियन सुपर लीग सुरू झाली, जिच्यात शहरांच्या नावांचे क्लब होते. त्यांतील एफसी पुणे सिटीची भागीदारी खुद्द फ्लॉरेन्सच्या फिओरेंतिनाशी होती. प्रशिक्षक फ्रांको कोलोंबा इटालियन, आणि आघाडीला युव्हेंटसचा एकेकाळचा गोलवीर दाविद त्रेझेगे. बालेवाडीच्या मैदानावर सेरी आ मधली माणसे वावरली, यात मराठी क्रीडारसिकांना झालेला हर्ष अगदी खरा होता. पण २०१९ साली मालकांच्या अडचणींत क्लब संपला आणि त्याचे बरेचसे खेळाडू हैदराबादच्या नव्या संघात गेले. फिओरेंतिनाही २००२ साली दिवाळखोरीत निघाला होता. फ्लॉरेन्सने तो चौथ्या पायरीवरून पुन्हा उभा केला, दोनच वर्षांत अव्वल श्रेणीत परत नेला, आणि हरवलेले नावही परत मिळवले. पुण्यात असे काही घडले नाही, कारण पाच हंगामांत नाव लावता येते, नाते जडत नाही.

विरारहून मुंबईकडे पहिली लोकल गाडी सुटली ती १२ एप्रिल १८६७ रोजी, आणि तेव्हापासून आमचे चाकरमानी, आमची फुले-भाजी आणि आमचे खेळाडू याच मार्गाने मुंबईच्या स्वाधीन होत आले आहेत. अव्वल श्रेणीतला क्लब वसई-विरारला नाही. परंतु पावसाळ्यात, शेतांत लावणी चालू असता, चर्चच्या आवारातल्या चिखलात पोरे फुटबॉल खेळतात. सुटीच्या दिवसांत गावागावांच्या स्पर्धा लागतात. ख्रिस्ती, वाडवळ, भंडारी, कोळी, आगरी अशी सारी पोरे त्यांत असतात, आणि सदऱ्यावर नाव असते ते गावाचे. या संघांना मालक नाहीत, म्हणून बरखास्त करणाराही कोणी नाही. त्यांचे दप्तर मात्र कोठेच नाही. चषक कोणाच्या माळ्यावर आहेत, जमाखर्चाच्या वह्या कोणाच्या ट्रंकेत, संघाचे पिवळे पडलेले फोटो कोणाच्या भिंतीवर. ज्या वाचकांच्या घरी असे काही असेल त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाऊ देऊ नये. फोटोतील एकेकाचे नाव घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून मागच्या बाजूस शाईने लिहून ठेवावे, सालासकट.