गाडीचा ब्लोअर बंद पडला? मोटार बदलण्याआधी एवढं तपासा

पावसाळ्यात चोर्ला किंवा आंबोली घाटातून जाताना गाडीचा ब्लोअर बंद पडला, तर प्रश्न फक्त उकाड्याचा राहत नाही. श्वासातला दमटपणा थंड काचेवर साचतो आणि थोड्याच वेळात समोरचा रस्ता दिसेनासा होतो. बहुतेक गाड्यांत ब्लोअर नसेल तर एसीही चालत नाही. म्हणजे काच साफ करायचा तो मार्गही बंद.

गॅरेजमध्ये गेलं की ‘मोटार गेली, बदला’ हे उत्तर पटकन मिळतं. पण दर वेळी मोटारच गेलेली असते असं नाही. ब्लोअर कसा बंद पडला, यावरून दोष कुठे आहे याचा बराच अंदाज येतो.

फक्त शेवटच्या स्पीडवर चालतो?
१, २, ३ वर काहीच नाही आणि ४ वर जोरात वारा, असं असेल तर मोटार ठणठणीत आहे. गेलाय तो रेझिस्टर. कमी स्पीडला करंट त्याच्यातून जातो, शेवटच्या स्पीडला थेट मोटारीला मिळतो. हा पार्ट मोटारीपेक्षा बराच स्वस्त असतो. त्याचा प्लग वितळलाय का, तेही पाहून घ्या. ऑटोमॅटिक एसीच्या गाडीत मात्र रेझिस्टरऐवजी इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल असतं, तिथे ही खूण लागू पडत नाही.

आवाज येतो, पण वारा कमी?
मग वायरिंगला हात लावू नका. आधी केबिन फिल्टर काढून पाहा. धूळ, पाला, कधी उंदराचं घरटंसुद्धा सापडतं. रेझिस्टर याच वाऱ्याने थंड राहतो. म्हणून फिल्टर तुंबलेला ठेवला, तर पुढे तोही तापून जळू शकतो.

कुठल्याच स्पीडवर चालत नाही?
सुरुवात फ्यूजपासून करा. फ्यूज बॉक्सच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात ब्लोअरचा फ्यूज दाखवलेला असतो. तो बरेचदा ३० अँपिअरचा, हिरव्या रंगाचा असतो. जळला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा बसवा. नवाही लगेच उडाला, तर मोटार जाम आहे किंवा वायर कुठेतरी शॉर्ट होतेय. अशा वेळी मोठा फ्यूज किंवा तार घालायचा ‘जुगाड’ अजिबात नको. फ्यूज टिकेल, पण वायर तापून गाडीला आग लागू शकते.

फ्यूज चांगला असेल, तर ब्लोअर चालू ठेवून मोटारीच्या आवरणावर हलकेच ठोका. बहुतेक गाड्यांत मोटार डाव्या बाजूच्या सीटसमोर, डॅशबोर्डच्या कप्प्याखाली किंवा मागे असते. ठोकल्यावर फिरायला लागली, तर आतले कार्बन झिजलेत. मोटार आज चालेल, उद्याचा भरवसा नाही.

तरीही फिरली नाही, तर मोटारीचा प्लग काढा. चावी ऑन, स्पीड शेवटचा, आणि प्लगच्या दोन पिनांना टेस्ट लॅम्प लावा. दिवा लख्ख पेटला म्हणजे करंट पोहोचतोय, दोष मोटारीत. नाही पेटला, तर मोटार बदलून उपयोग नाही. रिले, स्विच, वायर किंवा अर्थिंग तपासायला हवं. ही तपासणी दहा मिनिटांची आहे. स्वतः जमत नसेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनला आपल्यासमोर करायला सांगा आणि मगच मोटारीचे पैसे द्या.

घाटातच बंद पडला तर?
दोन्ही बाजूच्या काचा बोटभर खाली घ्या आणि हवेचं बटण ‘बाहेरची हवा’वर ठेवा. धावत्या गाडीत थोडी हवा आपोआप आत येते. सुक्या फडक्याने काच पुसायला शेजारच्याला सांगा. एवढं करूनही दिसत नसेल, तर वळण सोडून मोकळी जागा बघा, गाडी रस्त्याच्या बाहेर घ्या आणि पार्किंग लाइट लावून थांबा. उशीर झाला तर चालेल.